चार्टलीचा सापळा

१६ मे १५६८ च्या संध्याकाळी स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी स्टुअर्ट एका मासेमारीच्या होडीतून सॉल्वेची खाडी ओलांडून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. वय पंचवीस. तीनच दिवसांपूर्वी लँगसाइडच्या लढाईत तिच्या फौजेची दाणादाण उडाली होती. तान्ह्या मुलाच्या नावे गादी सोडायला तिच्या सरदारांनी तिला आधीच भाग पाडलं होतं. तिची सगळी मदार आता इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीवर होती. एलिझाबेथ नात्यातली, ती फौज देईल आणि थोड्याच दिवसांत आपण परत गादीवर बसू, असा तिचा हिशेब होता. त्यानंतर ती जवळपास एकोणीस वर्षं जगली आणि इंग्लंडबाहेर तिला एकदाही पाऊल टाकता आलं नाही.

नातं खरंच जवळचं होतं. मेरी ही एलिझाबेथच्या सख्ख्या आत्याची नात. तेच नातं तिच्या मुळावर आलं. एलिझाबेथ अविवाहित होती, तिला मूलबाळ नव्हतं आणि तिच्यानंतर इंग्लंडच्या गादीवर सर्वांत जवळचा हक्क मेरीचा पोचत होता. त्यात एलिझाबेथ प्रॉटेस्टंट आणि मेरी कॅथलिक. आठव्या हेन्रीने पहिली बायको सोडून अ‍ॅन बुलिनशी केलेलं लग्न कॅथलिकांना मान्यच नव्हतं. त्यांच्या लेखी त्या लग्नाची मुलगी एलिझाबेथ अनौरस ठरत होती आणि इंग्लंडची खरी राणी मेरीच होती. अशा पाहुणीला फौज देऊन परत पाठवणं धोक्याचं, फ्रान्सला जाऊ देणं त्याहून धोक्याचं आणि इंग्लंडमध्ये मोकळं ठेवणं तर सर्वांत धोक्याचं. मेरीचा दुसरा नवरा डार्नली याचा १५६७ साली खून झाला होता. त्यात तिचा हात होता का, याची चौकशी हे निमित्त मिळालं आणि राणीची कैदीण झाली. पुढे एका गढीतून दुसऱ्या गढीत, एका सरदाराच्या देखरेखीतून दुसऱ्याच्या, असा तिचा प्रवास सुरू झाला.

१५७० च्या फेब्रुवारीत पोप पाचव्या पायसने फर्मान काढून एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केलं आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या बंधनातून मोकळं केलं. रोममध्ये बसून काढलेल्या या फर्मानाची किंमत इंग्लंडमधल्या साध्या कॅथलिक कुटुंबांनी मोजली. त्यांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. धर्म पाळावा तर राजद्रोहाचा संशय, राणीला मानावं तर धर्म बुडतो. त्यांतल्या बहुतेकांनी निमूटपणे दंड भरले आणि दिवस काढले. काही तरुणांना मात्र ही कोंडी सोसवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती होती, ती कैदेतल्या मेरीची.

कट एकामागून एक उघडकीला येत गेले. १५७१ साली रिडॉल्फी नावाच्या फ्लॉरेन्सच्या सावकाराने रचलेलं कारस्थान बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी ड्यूक ऑफ नॉरफोकचं शिर गेलं. १५८३ साली फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टन पकडला गेला. त्या प्रकरणात स्पेनचा वकील मेंडोझा याला देशाबाहेर काढण्यात आलं. जुलै १५८४ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट शहरात प्रॉटेस्टंटांचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला एका माणसाने त्याच्याच घरात पिस्तुलाने गोळी घातली. तेव्हा लंडनच्या दरबाराचा थरकाप उडाला. एका माथेफिरूचा एक बार पुरतो आणि सारं राज्य उलटतं, हे डेल्फ्टने दाखवून दिलं होतं. एलिझाबेथला तर पोटचा वारसही नव्हता.

त्या ऑक्टोबरात राणीच्या सल्लागारांनी एक प्रतिज्ञापत्र तयार केलं. राणीच्या जिवावर कोणी उठलं, तर त्या माणसाला आणि ज्याला गादी मिळावी म्हणून हे केलं त्यालाही जिवंत सोडणार नाही, अशी ती शपथ होती. देशभर हजारो लोकांनी तिच्यावर सह्या केल्या. आपल्यावर किटाळ नको म्हणून मेरीनेही सही केली. १५८५ साली पार्लमेंटने याच शपथेचा कायदा केला. कायद्यातला नेम थोडा सौम्य होता, गादीच्या दावेदाराला कटाची माहिती असल्याचं सिद्ध व्हायला हवं होतं. पण असं सिद्ध झालं तर खास न्यायमंडळ बसवून त्या दावेदाराला मृत्यूदंड देता येणार होता. कायद्यात मेरीचं नाव कुठेही नव्हतं, पण तो कोणासाठी शिवला आहे हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. आता फक्त पुरावा हवा होता, आणि तो मेरीच्या स्वतःच्या शब्दांत हवा होता.

तो मिळवण्याचं काम सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅमने हाती घेतलं. १५७३ पासून तो राणीचा मुख्य सचिव होता आणि युरोपभर पसरलेल्या हेरांचे धागे त्याच्या हातात होते. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची जी सरसकट कत्तल झाली, तेव्हा हा माणूस तिथे इंग्लंडचा वकील होता. जीव वाचवायला आलेल्यांना त्याने आपल्या घरात आसरा दिला होता, बाहेरच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या. लंडनमध्ये असं घडू द्यायचं नाही, ही त्याच्या पुढच्या आयुष्याची एकमेव दिशा ठरली. त्याला निर्दय म्हणणारे त्याही काळी होते, आजही आहेत. पण त्याची भीती खरी होती, हे मानल्याशिवाय पुढची हकिकत समजत नाही.

एप्रिल १५८५ मध्ये मेरीवर नवा पहारेकरी नेमला गेला, सर एमियस पॉलेट. हा कट्टर प्युरिटन, शब्दाचा पक्का आणि मेरीच्या लाघवी बोलण्याला जराही न भुलणारा. त्याने येताच तिच्या पत्रव्यवहाराच्या साऱ्या वाटा बुजवल्या. नोकरांचं बाहेर जाणं बंद केलं, कपडे धुणाऱ्या बायकांची झडती सुरू केली. मेरीच्या नावे आलेली पत्रं लंडनच्या फ्रेंच वकिलातीत महिनोन्‌महिने साठून राहिली. तिला बाहेरच्या जगाचं अक्षर दिसेना. १५८५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिला स्टॅफर्डशरमधल्या चार्टलीच्या गढीत हलवलं. चहूबाजूंनी खंदक, आत चिटपाखरूही फिरकणार नाही असा बंदोबस्त.

आणि मग त्या बंदोबस्तातूनच वाट काढून देणारा एक देवमाणूस उगवला, असं मेरीला वाटलं.

गिल्बर्ट गिफर्ड हा स्टॅफर्डशरच्याच एका घरंदाज कॅथलिक कुटुंबातला मुलगा. धर्मासाठी त्याच्या बापाने तुरुंग भोगलेला. स्वतः गिल्बर्ट रोम आणि रॅंस इथल्या धर्मविद्यालयांत धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता. डिसेंबर १५८५ मध्ये तो इंग्लंडच्या राय बंदरात उतरला, तेव्हा मेरीचा पॅरिसमधला हस्तक थॉमस मॉर्गन याची शिफारसपत्रं त्याच्यापाशी होती. बंदरावरच तो पकडला गेला आणि वॉल्सिंगहॅमसमोर उभा राहिला. तिथून बाहेर पडला तो वॉल्सिंगहॅमचा माणूस होऊन. फ्रेंच वकिलाला त्याने सांगितलं, चार्टलीत पत्रं पोचवायची माझ्याकडे सोय आहे. शिफारस अस्सल, घराणं अस्सल. वकिलाने विश्वास टाकला.

सोय साधी होती. त्या काळी बिअर हे घरातल्या लहानथोर सगळ्यांचं रोजचं पेय, आणि चार्टलीला ती बर्टन गावाहून पिंपांतून येत असे. पत्र चामड्याच्या छोट्या पाकिटात गुंडाळायचं आणि पिंपाच्या पोकळ बुचात दडवायचं. पिंप तळघरात गेलं की मेरीचा माणूस बूच काढून पत्र वर नेई. परतीच्या रिकाम्या पिंपाच्या बुचातून तिचं उत्तर बाहेर पडे. बिअरवाला दोन्हीकडून पैसे घेत होता, मेरीकडून आणि पॉलेटकडून. पॉलेट आपल्या पत्रांत त्याचा उल्लेख ‘प्रामाणिक माणूस’ या टोपणनावाने करतो. आपल्यावाचून कोणाचं चालत नाही हे लक्षात येताच या माणसाने बिअरचा भावही वाढवून मागितला. पॉलेटने कुरकुर केली आणि मुकाट्याने भाव दिला.

१६ जानेवारी १५८६ रोजी मेरीच्या हाती बुचातलं पहिलं पत्र पडलं. वर्षभर अंधारात कोंडलेल्या बाईला कवाड उघडल्यासारखं वाटलं असेल. तिने ताबडतोब उत्तरं लिहायला घेतली आणि वकिलातीत साठलेली सगळी पत्रं याच वाटेने पाठवायला सांगितलं. आत येणारं आणि बाहेर जाणारं प्रत्येक अक्षर आता वॉल्सिंगहॅमच्या टेबलावरून जात होतं.

या कामातला खरा कसबी माणूस होता थॉमस फेलिप्स. त्याचं वर्णन खुद्द मेरीने एका पत्रात करून ठेवलं आहे: बुटका, किडकिडीत, पिवळट केसांचा, तोंडावर देवीचे वण, नजर अधू, वय तिशीचं. या अधू नजरेच्या माणसाला पाचसहा भाषा येत होत्या आणि सांकेतिक लिपी उलगडण्यात इंग्लंडमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मेरी आणि तिचे मित्र ज्या लिपीत लिहीत, तिच्यात तेवीस अक्षरांना तेवीस खुणा होत्या. ‘आणि’, ‘जर’, ‘पण’, ‘पत्र’ अशा नेहमीच्या पस्तीसेक शब्दांना वेगळ्या खुणा होत्या. शिवाय चार खुणा निव्वळ चकवा, त्यांचा अर्थ काहीच नाही. लिहिणाऱ्याला ही तटबंदी अभेद्य वाटे. पण कुठल्याही भाषेत काही अक्षरं सारखी येतात आणि काही क्वचित येतात. पुरेसा मजकूर हाती असला की कोणती खूण किती वेळा आली हे मोजत जायचं, मग लिपी आपोआप बोलू लागते. फेलिप्सकडे मजकुराची ददात नव्हती. पत्र वाचून, नक्कल काढून झालं की आर्थर ग्रेगरी नावाचा दुसरा कारागीर लाखेची मोहोर अशी परत बसवी की फोडल्याची शंकाही येऊ नये.

इथवर सापळा तयार होता, पण त्यात अडकायला अजून कोणी आलं नव्हतं. मे महिन्याच्या अखेरीस ते माणूस आलं.

अँथनी बॅबिंग्टन डर्बीशरमधल्या डेथिकचा. पंचविशीच्या आतबाहेरचा, देखणा, पैसेवाला, घरी बायको आणि लहान मुलगी. पोरवयात तो अर्ल ऑफ श्रूजबरीच्या घरी चाकरीला होता. मेरी तेव्हा त्याच अर्लच्या देखरेखीखाली कैदेत होती. पुढे पॅरिसला जाऊन मॉर्गनला भेटला आणि काही काळ मेरीची पत्रं पोचवण्याचं कामही त्याने केलं. मग त्यातलं धोक्याचं स्वरूप कळून तो बाजूला झाला होता. त्याला परत ओढलं ते जॉन बॅलर्ड या धर्मगुरूने. बॅलर्ड ‘कॅप्टन फॉर्टेस्क्यू’ म्हणवून घेत शिपायाच्या वेशात फिरे, अंगावर सोनेरी किनारीचा झगा, टोपीला चांदीच्या गुंड्या. स्पेन आणि पोप मोठी फौज उतरवणार आहेत, असं त्याने बॅबिंग्टनला सांगितलं. जॉन सॅव्हेज नावाच्या सैनिकाने तर एलिझाबेथला मारण्याची शपथ आधीच घेतली होती. ती घ्यायला लावणाऱ्यांत गिल्बर्ट गिफर्डचंही नाव येतं, हे वाचकाने विसरू नये.

बॅबिंग्टनभोवती त्याच्यासारखेच तरुण जमले: चिडिओक टिचबोर्न, चार्ल्स टिल्नी, रॉबर्ट बार्नवेल, थॉमस सॉल्सबरी. सगळे खानदानी, सगळे धर्मवेडे, आणि कारस्थानाच्या बाबतीत पोरकट. त्या काळचा इतिहासकार विल्यम कॅम्डेन सांगतो की या मंडळींनी आठवण म्हणून स्वतःचं एकत्र चित्र काढून घेतलं होतं. राणीला मारायला निघालेल्यांनी चित्रकारासमोर बसावं, यावरूनच त्यांची समज कळते. कॅम्डेनच्याच म्हणण्याप्रमाणे ते चित्र एलिझाबेथच्या पाहण्यात आलं होतं. पुढे एकदा फिरताना बार्नवेल समोर दिसला, तेव्हा तिने त्याला ओळखलं. आपल्यासोबत तलवारवाला एकही माणूस नाही, असं ती बरोबरच्यांना मोठ्याने म्हणाली आणि पुढे चालत राहिली.

बॅबिंग्टनच्या मनाची मात्र उन्हाळाभर घालमेल चालली होती. हे सगळं सोडून परदेशी निघून जावं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. परवाना मिळावा म्हणून तो खुद्द वॉल्सिंगहॅमला भेटला, एकदा नव्हे, अनेकदा. ही भेट घालून देणारा त्याचा जिवलग मित्र रॉबर्ट पोली होता आणि पोलीही वॉल्सिंगहॅमचाच हेर होता. वॉल्सिंगहॅमने परवाना दिला नाही आणि अटकही केली नाही. मला या साऱ्या प्रकरणातला कळीचा क्षण हाच वाटतो. समोर बसलेला तरुण कचरतो आहे, पाय मागे घेऊ पाहतो आहे, हे त्या अनुभवी डोळ्यांना दिसलं नसेल हे शक्य नाही. त्या दिवशी दरडावून घरी पाठवला असता तर कट तिथेच संपला असता. पण मग मेरीही वाचली असती.

जूनच्या शेवटी मेरीचं पत्र बॅबिंग्टनला पोचलं आणि त्याच्या मनातली चलबिचल थांबली. ६ जुलै १५८६ रोजी त्याने तिला लांबलचक उत्तर लिहिलं. परकीय फौज कुठे उतरेल, तिला सोडवायला तो स्वतः दहा सरदार आणि शंभर माणसं घेऊन कसा येईल, हे सारं त्यात होतं. त्याच पत्रात, आपले सहा मित्र एलिझाबेथचा निकाल लावतील, हेही त्याने उघडउघड लिहिलं.

या पत्राला उत्तर द्यायचं की नाही यावर मेरीचा जीव टांगलेला होता. तिचा सचिव क्लोद नो याने, असल्या पत्राला उत्तर न देणंच बरं, असा सल्ला दिला होता. पण त्याच जुलैत तिच्या मुलाने, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सने, एलिझाबेथशी बेरिकचा तह केला होता. त्या तहात आईच्या सुटकेचा शब्दही नव्हता. ज्या मुलाला तिने दहा महिन्यांचा असताना शेवटचं पाहिलं, त्याने तिच्यावर पाणी सोडलं होतं. अठरा वर्षांच्या कैदेने तब्येत ढासळलेली, सांधे धरलेले, कोणाचाच आधार नाही. १७ जुलैला तिने नोला फ्रेंचमध्ये मजकूर सांगितला, तिचा दुसरा सचिव गिल्बर्ट कर्ल याने त्याचं इंग्रजी करून ते सांकेतिक लिपीत उतरवलं. सुटकेचे तीन मार्ग तिने सुचवले. एक, ती घोड्यावरून रपेटीला निघेल तेव्हा माळावर गाठायचं. दुसरा, मध्यरात्री कोठारांना आणि तबेल्यांना आग लावून गोंधळ उडवायचा. तिसरा, पहाटे येणाऱ्या गाड्या फाटकात अडवून धरायच्या. त्या सहा मित्रांबद्दल तिने विचारलं की ते काम कसं करणार, आणि काम झाल्याबरोबर आपल्याला सोडवायला माणसं तयार असायला हवीत हे बजावलं. मार, असं तिने लिहिलं नाही. मारू नको, असंही लिहिलं नाही. शेवटी, वाचून झाल्यावर पत्र जाळून टाक, अशी ताकीद होती.

फेलिप्स तेव्हा चार्टलीतच येऊन राहिला होता. त्याने दोन दिवसांत पत्र उलगडलं आणि नक्कल वॉल्सिंगहॅमकडे रवाना केली. तिच्यावर त्याने फाशीच्या खांबाचं छोटं चित्र काढलं होतं.

मूळ पत्र पुढे पाठवण्याआधी फेलिप्सने त्याच लिपीत, त्याच वळणाने शेवटी काही ओळी घातल्या. त्या सहा जणांची नावं मला कळवा, म्हणजे मला सल्ला देता येईल, असं त्या ओळींत मेरीच बॅबिंग्टनला विचारते आहे. अस्सल पत्रात पुरेसं विष होतं. तरी सहा नावं आयती मिळतील या मोहाने वॉल्सिंगहॅमच्या माणसांनी बनावटगिरी केली. यामुळे पुढे साऱ्या पुराव्यावरच डाग पडला. २९ जुलैला पत्र बॅबिंग्टनच्या हाती आलं. त्याने नावं कळवली नाहीत.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. ४ ऑगस्टला बॅलर्डला पोलीच्या बिऱ्हाडातून उचललं. बॅबिंग्टन हादरला, पण पोलीवरचा त्याचा विश्वास सुटेना. त्याने पोलीला लिहिलेलं निरोपाचं पत्र आजही वाचताना गलबलून येतं. तू माझ्याशी खरा असशील तर जगातला सर्वांत प्रिय मित्र आणि खोटा असशील तर दोन पायांवर चालणाऱ्यांत सर्वांत नीच, अशा अर्थाचं त्यात आहे. त्या रात्री तो वॉल्सिंगहॅमच्या एका माणसाबरोबर जेवत असताना त्या माणसाला चिठ्ठी आली. बॅबिंग्टनने कडेने ओळखीचं अक्षर पाहिलं, चिठ्ठी आपल्याबद्दल आहे हे ताडलं. बिल द्यायला जातो, असं सांगून झगा आणि तलवार खुर्चीवरच ठेवून तो उठला आणि अंधारात पळाला. सेंट जॉन्स वूडच्या रानात काही मित्रांबरोबर दडून राहिला. केस कापले, अक्रोडाच्या सालीच्या रसाने तोंड काळवंडवलं. १४ ऑगस्टला हॅरोजवळ, बेलमी कुटुंबाच्या घरी, ते उपाशीतापाशी सापडले. लंडनमध्ये चर्चच्या घंटा वाजल्या, रस्तोरस्ती शेकोट्या पेटल्या.

चार्टलीत यातलं काहीच कळलं नव्हतं. ११ ऑगस्टला पॉलेटने मेरीला शिकारीला नेण्याची तयारी दाखवली. ती आनंदाने नटूनथटून निघाली. दूरवरून घोडेस्वार येताना दिसले आणि तिला वाटलं, बॅबिंग्टन आला. आलेला माणूस होता सर थॉमस गॉर्जेस, एलिझाबेथचा हुकूम घेऊन. मेरी घोड्यावरून उतरून जमिनीवर बसली, पुढे जायला तयार होईना. अखेर तिला टिक्सॉलच्या वाड्यावर नेलं, आणि इकडे चार्टलीत तिच्या पेट्या फोडून कागद लंडनला गेले. त्यांत सांकेतिक लिप्यांच्या साठेक किल्ल्या निघाल्या. टिक्सॉलच्या फाटकाशी भिकारी जमले तेव्हा ती रडत त्यांना म्हणाली की माझ्यापाशी द्यायला काही नाही, मीही तुमच्यासारखीच झाले आहे. परत आल्यावर कळलं की कर्लची बायको बाळंत झाली आहे आणि कर्ल कैदेत आहे. पॉलेटने आपला धर्मगुरू द्यायला नकार दिला. तेव्हा मेरीने स्वतः पाणी शिंपडून त्या मुलीचा बाप्तिस्मा केला आणि तिला आपलं नाव दिलं.

तरुणांचा खटला काही दिवसांतच उरकला. २० सप्टेंबरला बॅलर्ड, बॅबिंग्टन, सॅव्हेज, टिचबोर्न आणि आणखी तिघांना फासावरून जिवंतपणीच उतरवून त्यांची पोटं फाडली. ते पाहून गर्दीचंच मन फिरलं. दुसऱ्या दिवशीच्या सात जणांना प्राण जाईपर्यंत लटकू द्यावं, असा हुकूम मग एलिझाबेथने दिला. टिचबोर्नने लंडनच्या टॉवरच्या कोठडीत लिहिलेली कविता इंग्रजी वाचक आजही वाचतात.

मेरीचा खटला १४ ऑक्टोबर १५८६ रोजी फॉदरिंगेच्या किल्ल्यात उभा राहिला. आधी ती यायलाच तयार नव्हती. मी राणी, परक्या राणीच्या कोर्टाचा माझ्यावर अधिकार काय, हा तिचा सवाल होता. शेवटी आली तेव्हा एकटी, वकील नाही, कागद नाहीत. नो आणि कर्ल यांना तिच्यासमोर उभं केलं नाही, त्यांच्या लेखी जबान्या वाचून दाखवल्या. बॅबिंग्टनने मूळ पत्र सांगितल्याप्रमाणे जाळलं होतं, म्हणून कोर्टापुढे आली ती नक्कल. त्या नकलेतून फेलिप्सने घातलेल्या ओळी गायब होत्या. मेरीने वॉल्सिंगहॅमवर बनावट कागद केल्याचा उघड आरोप केला. तो उठला आणि देवाला साक्षी ठेवून म्हणाला की खासगी माणूस म्हणून मी अप्रामाणिक काही केलं नाही आणि राणीचा सेवक म्हणून माझ्या पदाला न शोभणारंही काही केलं नाही. हे उत्तर नीट ऐकलं तर त्यात आरोपाचा इन्कार नाही. २५ ऑक्टोबरला लंडनमध्ये न्यायमंडळाने तिला दोषी ठरवलं.

मेरीला कटाची माहिती होती का? होती. तिने त्याला साथ दिली का? दिली. १५८५ च्या कायद्याप्रमाणे ती दोषी ठरते, यात मला शंका वाटत नाही. पण ज्या वाटेने तिचा गुन्हा घडला ती वाट सरकारने बांधली होती, तिच्यावरून जाणाऱ्यांचे हमाल सरकारचे होते आणि वाटेतल्या गळाठलेल्या तरुणाला मागे फिरू द्यायचं नाही हेही सरकारने ठरवलं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

एलिझाबेथला मात्र हे रक्त आपल्या हातावर नको होतं. तीन महिने तिने चालढकल केली. १ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीच्या मृत्यूदंडाच्या हुकमावर सही केली आणि त्याच वेळी पॉलेटने गुपचूप मेरीचा निकाल लावावा असं त्याला लिहायला लावलं. पॉलेटने साफ नकार दिला. कायद्यावाचून रक्त सांडून सद्‌विवेकाला आणि वंशाला काळिमा लावणार नाही, असं त्याने कळवलं. ज्या माणसाने मेरीचा श्वासही मोजून घेतला, त्याने खून करायला नाही म्हटलं, ही या हकिकतीतली मला सर्वांत आदराची वाटणारी गोष्ट. अखेर सल्लागारांनी राणीला न विचारताच हुकूम रवाना केला. ८ फेब्रुवारीच्या सकाळी फॉदरिंगेच्या दालनात मेरीने वरचा काळा पोशाख उतरवला. आत किरमिजी रंगाचा पेहराव होता, कॅथलिकांच्या लेखी हुतात्म्यांचा रंग. कुऱ्हाडीचा पहिला घाव चुकला. तिचं वय चव्वेचाळीस होतं.

एलिझाबेथने संतापाचा कहर केला. हुकूम बाहेर नेणारा सचिव डेव्हिसन टॉवरमध्ये गेला आणि जबर दंडाने बुडाला. जेम्सने निषेध नोंदवला, पण बेरिकच्या तहातलं मानधन सोडलं नाही. स्पेनच्या फिलिपला आता इंग्लंडच्या गादीवर मेरीला बसवण्याची अडचण उरली नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्याचं आरमार निघालं आणि हरलं. इंग्लंडमधल्या कॅथलिकांवरचा जाच वाढला. १६०५ साली पार्लमेंटखाली दारूगोळ्याची पिंपं सापडली, ती अशाच कोंडलेल्या तरुणांच्या पुढच्या पिढीने रचलेली होती.

सापळा लावणाऱ्यांनाही त्यातून फार काही लाभलं नाही. गिफर्ड अटकसत्राआधीच फ्रान्सला निसटला होता, १५९० साली पॅरिसच्या तुरुंगात मेला. वॉल्सिंगहॅम त्याच वर्षी कर्जात बुडालेला असतानाच वारला. पोली मात्र हेरगिरीतच राहिला. १५९३ साली डेटफर्डमध्ये नाटककार क्रिस्टोफर मार्लोला सुरा लागला, तेव्हा खोलीत हजर असलेल्या तिघांत तो होता.

अभिषिक्त राणीला कोर्टात उभं करून शिक्षा देता येते, या पायंड्याचीच एलिझाबेथला सर्वांत जास्त धास्ती होती. १६४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पार्लमेंटने राजावरच खटला भरला. आरोपीने कोर्टाचा अधिकार मानायला नकार दिला आणि दहाच दिवसांत त्याचं शिर उडवण्यात आलं. तो पहिला चार्ल्स, मेरी स्टुअर्टचा नातू.